अण्णांचा बोलका डबा

७ डिसेंबर, शनिवार

डॉक्टरीणबाईंचा आज मला भयंकर राग आला. अण्णा व्हीलचेअरवर समोर बसलेले, आणि त्या सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "अण्णा, पुढच्या वेळी छातीत कफ भरला की तुमचा श्वास तुम्हाला पुरणार नाही. गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागेल, आणि मग मशीन कायमचं. ते हवं की नको, तुम्ही ठरवायचं. मला तुमच्या शब्दांत कळायला हवं, आजारी पडायच्या आधी." अहो, माणसाच्या तोंडावर असं बोलतात का? मी म्हटलं, "त्यात ठरवायचं काय? नळी घालायची." तर बाई म्हणतात, "मॅडम, मी त्यांना विचारतेय."

मॅडम म्हणे! अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून देण्यात गेली माझी. नवरा काय म्हणतोय ते मला कळत नाही?

घरी आल्यावर अण्णांनी डोळ्यांनी डबा मागितला. गेल्या दोन वर्षांत या मेल्या आजाराने त्यांचं एकेक अंग काढून घेतलं. आधी हात, मग वाचा. डाव्या पायाचा अंगठा तेवढा उरलाय. डोकं मात्र लख्ख. हात चालत होते तेव्हाच पुढचं ओळखून त्यांनी हा डबा बनवला. डोंबिवलीच्या एमआयडीसीत वजनकाटे दुरुस्त करण्यात जन्म गेला, त्यामुळे डबासुद्धा एका जुन्या काट्याचाच. वर अक्षरांची ओळ, तिच्याखाली एक दिवा सरकत जातो. हव्या अक्षराशी दिवा आला की अण्णा अंगठ्याने बटण दाबतात, ते अक्षर वायरीतून लॅपटॉपमध्ये जातं, आणि वाक्य झालं की लॅपटॉप बोलतो. आवाज बाईचा आहे, फुकटात तोच मिळाला. आमच्या घरात सध्या दोन बायका बोलतात, असं आमची मुलगी क्षिप्रा म्हणते.

तर आज डबा बोलला, "बारसं होऊ दे. मग सांगतो. नीट लिहायचंय." एवढ्याला माझी भाजी शिजून झाली. मी म्हटलं, "'हो' एवढं तर लिहायचं, त्यात नीट काय?" त्यांनी पुन्हा सुरू केलं, "पा". मी पाणी आणलं, चमच्याने ओठ ओले केले. तर अंगठा चालूच. "पाठ." पाठ खाजत होती. असं होतं कधी कधी.

१४ डिसेंबर, शनिवार

उद्या पुण्याला आमच्या मुलाच्या, सौमित्रच्या, मुलीचं बारसं. आमची पहिली नात. अण्णांना नेणं शक्य नाही, म्हणून मीही थांबले. क्षिप्रा आत्या, तिला जायलाच हवं. ती ठाण्याला बाळकुममध्ये राहते, तिथूनच सकाळी परस्पर निघाली.

सौमित्र बारसं व्हिडिओ कॉलवर दाखवणार आहे, पण मोबाईलच्या टीचभर पडद्यावर अण्णांना काय दिसणार? म्हणून मी मोठ्या हिमतीने लॅपटॉपला वायफाय जोडलं. अण्णांनी तो कधी इंटरनेटला लावू दिला नव्हता. "हे बोलायचं यंत्र आहे, सिनेमाचं नाही," असं हात चालत होते तेव्हा बजावून ठेवलेलं. पण नातीपुढे कसला नियम? मी जोडताना ते अंगठा हलवायला लागले होते, पण माझं गॅसवर दूध होतं.

कोपऱ्यात काहीतरी गोल गोल फिरतंय. अपडेट की काय ते. होऊ दे. माझं मी जमवलं याचाच मला आनंद आहे.

१५ डिसेंबर, रविवार

हे कसं लिहू कळत नाही.

पाळणा सुंदर सजवला होता. बायकांनी गोविंद घ्या, गोपाळ घ्या केलं, क्षिप्राने कानात नाव सांगितलं, मैथिली. मग सौमित्र फोन घेऊन पुढे आला, "अण्णा, आता तुमचा आशीर्वाद." सगळा हॉल फोनकडे वळला. अण्णांनी कालच मनाशी वाक्य ठरवलं असणार, कारण अंगठा भराभर चालायला लागला. मी पदर सावरून कॅमेऱ्यात बसले.

आणि लॅपटॉप बोलला, "नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड."

सगळे बघतच राहिले. अण्णांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. दरेक अक्षराला तेच इंग्रजी, त्या बाईच्या मराठी ठसक्यात. नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड. पहिल्यांदा एक मूल हसलं, मग सौमित्रचे सासरेही हसले. त्यांचाही दोष नाही, त्यांना वाटलं काहीतरी गंमत आहे. अण्णा थांबेनात. घाम फुटला तरी दाबत होते. शेवटी मीच लॅपटॉप मिटला.

दुपारपासून ते छताकडे बघत पडलेत. मी म्हटलं, "जाऊ द्या हो, तान्ह्या बाळाला थोडंच कळतंय?" उत्तर नाही. उत्तर देणार तरी कशाने म्हणा.

१७ डिसेंबर, मंगळवार

क्षिप्रा बँकेतून हाफ डे टाकून आली. डबा उघडून तासभर खाटखूट करत होती. या डब्याचं शेवटचं डाग-काम, म्हणजे कथील वितळवून वायरी जोडायचं, तिनेच केलेलं, अण्णांचा हात थरथरायला लागला तेव्हा ते शेजारी बसून सांगत होते आणि ती करत होती.

म्हणाली, "आई, डब्यातून लॅपटॉपला अक्षरं पाठवणारी एक चिप असते ना, ती डुप्लिकेट आहे. दुसऱ्या कंपनीच्या चिपची नक्कल. त्या कंपनीने आता अपडेटमध्येच असं करून ठेवलंय, की नकली चिप दिसली की आलेली अक्षरं फेकून द्यायची आणि हे वाक्य पाठवायचं."

"म्हणजे चोरी चिप बनवणाऱ्याने केली आणि जीभ अण्णांची कापली?"

"कंपनीला काय माहीत गं, चिप कुणाच्या पायाशी आहे ते."

डुप्लिकेट! दुकानात कुणी काट्याला डुप्लिकेट पार्ट लावून आणला, तर अण्णा त्याला दारातून परत पाठवायचे. आणि यांनीच कल्याणच्या बाजारातून चिप आणली, निम्म्या भावात मिळाली म्हणून दोन दिवस खुशीत होते. क्षिप्राने विचारलं, "अण्णा, तुम्हाला माहीत होतं ती नकली आहे?" आमची जुनी खूण आहे, वर बघितलं की हो, डोळे मिटले की नाही. त्यांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पुसलं, डोळ्यांत औषधाचे थेंब घालायची वेळ झालीच होती.

संध्याकाळी तिने जुनं काहीतरी परत भरलं आणि डबा बोलला! मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. क्षिप्रा गेल्यावर अण्णांनी लगेच सुरू केलं. "नळीबद्दल." मी म्हटलं, "आत्ता? दमलात किती ते बघा. उद्या स्वस्थपणे लिहा." ते पुढे दाबतच होते, तर मी बंद केलं. त्यांच्या तब्येतीपुढे मला दुसरं काही नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

सकाळी डबा लावला तर काहीच नाही. इंग्रजीसुद्धा नाही. रात्री ते अपडेट आपलं आपण पुन्हा चढून बसलं असणार. क्षिप्राने फोनवरून मला काय काय दाबायला लावलं. मग म्हणाली, "त्या अपडेटने चिपचा नंबरच पुसून टाकलाय आई. आता कुठल्याच कॉम्प्युटरला ती ओळखू येणार नाही. चिप मेली."

काल रात्री मी इंटरनेट काढायचं विसरले होते. कुणाला बोलले नाही.

सगळ्यात वाईट काय, तर हा डबा उघडून दुसऱ्या मिनिटाला दुरुस्त करू शकेल असा माणूस घरातच आहे. तो समोर पडून बघतोय, आणि कसं करायचं ते त्याला सांगता येत नाही.

२२ डिसेंबर, रविवार

क्षिप्रा कल्याणला जाऊन त्याच दुकानातून दुसरी चिप घेऊन आली. तीही डुप्लिकेट. दुकानदार म्हणे, "मॅडम, ओरिजिनल इथे कुणीच ठेवत नाही, घेणार कोण?" आता बेंगळुरूहून खरी मागवली आहे. वेळ लागेल म्हणतात.

तोवर तिने पुठ्ठ्यावर बाराखडी काढून दिलीय. आपण बोट फिरवायचं, हव्या अक्षरावर ते वर बघतात. ती गेल्यावर दुपारी मी बसले. पहिलं अक्षर "न". मग "क". मग ओकार. मी म्हटलं, "नको." त्यांनी वर बघितलं. मी म्हटलं, "नको करूस काळजी, असंच ना?" तर डोळे मिटले. आता आधी वर बघितलं, मग मिटले, याला मी काय समजायचं? एवढ्यात पोटाच्या नळीतून दूध द्यायची वेळ झाली, म्हणून पुठ्ठा उचलून ठेवला. मला काळजी करू नको म्हणतात. अशा अवस्थेतही माझीच चिंता. डोळे भरून आले माझे.

२९ डिसेंबर, रविवार

क्षिप्राशी कडाक्याचं भांडण झालं. दवाखान्यातून तिला फोन आला होता, अण्णांनी काय ठरवलं म्हणून. ती म्हणाली, "आई, डोळ्यांनी विचारू या ना. हो की नाही एवढंच तर आहे."

"अगं, जन्ममरणाचा प्रश्न असा विचारतात? चहा घेणार का विचारल्यासारखा? त्यांना नीट लिहायचंय. डबा होऊ दे."

"डबा व्हायच्या आत काही झालं तर?"

"तुझ्या तोंडाला काही औषध आहे का गं?"

"मी विचारते, तू बाहेर थांब."

मी दारात उभी राहिले. म्हटलं, माझ्या घरात हा प्रश्न असा विचारला जाणार नाही. ती रडत गेली. जाताना मीराबाईंना, म्हणजे दिवसभर अण्णांना सांभाळायला येतात त्यांना, म्हणाली, "आईला सांभाळा." मला! मला काय धाड भरलीय?

अण्णा आतून सगळं ऐकत होते. मी आत गेले तेव्हा माझ्याकडेच बघत होते. टीव्ही लावून दिला.

६ जानेवारी, सोमवार

बेंगळुरूचं पार्सल आलं. एवढीशी चिप आणि केवढं मोठं खोकं. फ्रिजवर ठेवलंय. क्षिप्राचा फोन आला होता, पण ती घाईत होती, मीही विसरले सांगायला.

१० जानेवारी, शुक्रवार

क्षिप्राने कुरिअरवाल्यांकडे चौकशी केली आणि त्यांनी सांगितलं पार्सल सोमवारीच पोचलंय म्हणून. मग काय, माझ्यावर केवढी तापली. "आई, चार दिवस? मी संध्याकाळी येऊन लावली असती!" मी म्हटलं, "अगं, राहिलं सांगायचं. तूही ऑफिसातून दमून येणार." रविवारी येते म्हणाली, तर रविवारी सौमित्र, सूनबाई आणि बाळ येतायत. घरात पाय ठेवायला जागा नसणार, त्यात कुठे ती डाग-कामाची धूर-धूर तान्ह्या मुलीसमोर. मग मंगळवारी संक्रांत. म्हटलं, पुढच्या रविवारी ये. इतके दिवस गेले, आठ दिवसांनी काय बिघडतंय? ती म्हणाली, "तुला भीती वाटते ना?" मी फोन ठेवला. अलीकडे तिला माझ्याशी बोलायची रीतच राहिली नाही.

अण्णांच्या पलंगावरून फ्रिज दिसतो. ते सारखे त्या खोक्याकडे बघत राहतात, म्हणून मी ते उचलून कपाटात ठेवलं. उगाच जिवाला घोर.

१४ जानेवारी, मंगळवार

तिळगूळ. रविवारी मैथिलीला अण्णांच्या छातीशी निजवलं, तेव्हा ते श्वास धरून पडले होते, ती जागी होऊ नये म्हणून. इतकं सुख त्यांच्या चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. असा माणूस जगायला नाही म्हणेल का? मला कुणाला विचारायची गरजच नाही.

आज थोडा खोकला आहे त्यांना.

१८ जानेवारी, शनिवार

दवाखान्यात आहे. बाहेरच्या बाकावर बसून मोबाईलमध्ये लिहितेय, घरी गेल्यावर वहीत उतरवेन. पहाटेपासून छाती वाजत होती. ॲम्ब्युलन्समध्ये मास्कच्या वर त्यांचे डोळे तेवढे दिसत होते आणि ते माझ्यावरून हलत नव्हते. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "ते अजून शुद्धीत आहेत. त्यांनी नळीचं काही सांगितलं होतं का? नसेल तर मी आत जाऊन आत्ता विचारते, वेळ आहे अजून."

मी म्हटलं, "सांगितलंय. मला हो म्हणालेत."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग कागद पुढे केला आणि मी सही केली. क्षिप्रा ठाण्याहून रिक्षाने येत होती, वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकली. ती आली तोवर अण्णांना आत नेलं होतं.

२१ जानेवारी, मंगळवार

अण्णा जगले. देवा, जगले.

क्षिप्राने विचारलं, "अण्णा तुला हो कधी म्हणाले?" मी म्हटलं, म्हणाले एकदा. "डबा बंद असताना?" मी म्हटलं, पुठ्ठ्यावर. ती उठली. मग खाली जाऊन दोघींसाठी चहा घेऊन आली आणि माझा कप बाकावर ठेवून लांबच्या खुर्चीत जाऊन बसली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

घरी आणलं. मशीन सतत फुसफुसतं. नळीतला कफ ओढून काढायला मीराबाई आणि मी शिकलो. ओढताना त्यांचा चेहरा जांभळा होतो आणि पाय ताठ. दिवसातून किती वेळा ते मोजत नाही मी. ते माझ्याकडे बघत नाहीत. पहिले काही दिवस मला वाटलं अशक्तपणा आहे. पण मीराबाईंकडे बघतात, क्षिप्राकडे बघतात, मैथिलीच्या फोटोकडे बघतात.

१६ फेब्रुवारी, रविवार

क्षिप्रा आली. कपाटातून खोकं मी स्वतः काढून दिलं. तिने डबा अण्णांच्या पलंगावरच उघडला, आणि एकेका जागी सुई टेकवून विचारत गेली, "ही इथे? की ही?" ते वर बघायचे किंवा डोळे मिटायचे. दोघं बापलेक तासन्‌तास. मध्येच तिचं काही चुकलं, तेव्हा त्यांनी डोळे असे फिरवले की तिला हसू आलं, आणि त्यांच्याही डोळ्यांत हसू होतं. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. मला आत जायची लाज वाटत होती, हे आज पहिल्यांदाच लिहितेय.

दिवा अक्षरांखालून चालायला लागला. लॅपटॉपचं इंटरनेट तिने कायमचं काढलं. अण्णांनी आधी लिहिलं, "शाबास." मग, "मैथिलीला आशीर्वाद." बारशाचं राहिलेलं. क्षिप्राने रेकॉर्ड करून सौमित्रला पाठवलं आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवून खूप रडली. मग पर्स उचलली, म्हणाली, "मी निघते. तुम्ही दोघं बोला."

मी दार लावून पलंगाशी स्टुलावर बसले. म्हटलं, "बोला." अंगठा खूप क्षीण झालाय, एकेका अक्षराला दिवा दोन-दोनदा ओळीतून फिरून येतो. "वि" आला, मला वाटलं विश्रांती. तोंडाशी आलेलं गिळलं. "विचा". हात मांडीखाली दाबून धरले. बाहेर ऊन उतरलं, मीराबाई सांगून गेल्या, मी हलले नाही. एवढ्या वर्षांत त्यांचं एक अख्खं वाक्य मी मध्ये न तोडता ऐकल्याचं मला आठवत नाही.

मग ती बाई बोलली.

"विचारलं असतंस तर हो म्हणालो असतो पमा. तुझ्यासाठी."

मला हुंदकाच फुटला. त्यांचा पाय धरला, म्हटलं, चुकलं माझं. मी घाबरले होते. तुम्ही नाही म्हणाल म्हणून घाबरले होते, डबा मेला तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं, खरंच सांगते. ते ऐकत होते. आज कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात राग नव्हता. तेच मला सोसेना. आयुष्यभर असेच वागत आले, मला टोचेल असं काही घडलं की स्वतःकडे घेऊन मोकळे व्हायचे.

मी डोळे पुसले. विचारायचं नव्हतं, पण यावेळी विचारायलाच हवं होतं. म्हटलं, "अहो, खरं सांगा. खरंच हो म्हणाला असतात?"

दिवा "अ"पासून निघाला. शेवटच्या अक्षरापर्यंत गेला, पुन्हा "अ"पासून निघाला. त्यांचा अंगठा बटणावर होता. मी वाट बघत बसले. काळोख पडेपर्यंत दिवा फिरत होता, आणि अण्णांनी बटण दाबलं नाही.